लिंगप्पाण्णांची कडी

नवी कडी तयार झाली की लिंगप्पाण्णा तिला स्वतः लोंबकळायचे.

सोलापुरात बाळीवेशीच्या अलीकडं त्यांचं टांग्याच्या साजाचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची पुढची पडवीच. समोर एक कडुनिंब होता आणि त्याच्या आडव्या फांदीला चामड्याची एक जाड वादी कायम बांधलेली असे. साज टांग्याला जोडायची नवी कडी अण्णा त्या वादीत अडकवत, तिच्या खाली दुसरी वादी लावत, ती दोन्ही हातांनी धरून गुडघे मुडपत आणि साठीचा तो वाळका माणूस भर रस्त्यावर झाडाला लोंबकळू लागे. दहापर्यंत मोजत, तेही कानडीत. मग पाय टेकत, पण उजव्या हातानं वादी ताणून धरूनच डोळे गच्च मिटत आणि डाव्या हातानं चाचपून कडी सोडत. पहिल्या झटक्यात सुटली तर ठीक. दुसऱ्यांदा चाचपावं लागलं तर ती कडी परत ऐरणीवर जाई.

"माकड झालंय म्हातारं," आतून गंगव्वा, त्यांची बायको, म्हणायची. "तरणेपणी मला कदी झोक्यावर बसवलं न्हाय. आता सोता झुलतंय."

"तुला बसवलं असतं तर फांदी ऱ्हायली असती का?" अण्णा डोळे न उघडताच म्हणत.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. त्यांनी कपाळावरच्या विभूतीचा घाम पुसत माझ्याकडं पाहिलं. "हसतोस काय तम्मा? ज्या कडीला माझा जीव टांगता येत न्हाय, ती दुसऱ्याच्या घोड्याला कशी लावू?"

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अण्णा मूळचे मैंदर्गीचे. मराठी बोलताना त्यांची कानडी अशी मधूनच डोकं वर काढायची. पुढं त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही. त्या हाकेला मी जागलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडचं आमचं गाव सोडून मी सोलापुरात आलो आणि नव्या पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत लागलो. मालक नानासाहेब. पहिलं वर्ष त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्यातच ठेवलं. मग हळूहळू लग्नाचे फोटो काढायला पाठवू लागले आणि त्यासाठी त्यांचा स्वतःचा कॅमेरा माझ्या हातात आला. जर्मन, दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून खाली बघायचा. तेव्हा असा कॅमेरा दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. एका निवृत्त इंजिनियरच्या मागं दोन वर्षं लागून नानासाहेबांनी तो मिळवला होता.

अडचण होती ती त्याच्या पट्ट्याची. लग्नाच्या गर्दीत गळ्यात पट्टा हवाच. एका हातात फ्लॅश, दुसऱ्या हातानं माणसं सरकवायची, मग कॅमेरा धरणार कोण? पण ग्रुप फोटोसाठी तोच कॅमेरा स्टँडवर चढवला की पट्टा भिंगासमोर लोंबायचा आणि कुणाचं तरी पोरगं तो हमखास ओढायचं. मूळची बकलं इतकी बारीक की नखानं काढता काढता वऱ्हाडी पांगत. नानासाहेब म्हणाले, "घट्ट पाहिजे आणि झटकन सुटणारंही पाहिजे. असं कोण करून देतं ते बघ." मी चांभारांकडं गेलो, बॅगवाल्यांकडं गेलो. एकानं टिचबटणं लावून दिली. ती बघून नानासाहेब म्हणाले, "हे काय झबलं आहे?"

लग्नाला आमचे दिवे आणि स्टँड महिबूबभाईंच्या टांग्यातून जायचे. माझी वणवण बघून तेच म्हणाले, "इधर-उधर कायकू फिरते? लिंगप्पा अण्णाकडं जावा की. घोडा धरणारा माणूस हाय, तुमचा डबा धरणार न्हाय व्हय?"

अण्णांनी कॅमेरा लगेच हातात घेतला नाही. आधी हात धुतले, धोतराला पुसले, मग दोन्ही तळव्यांवर ठेवून त्याचं वजन घेतलं.

"येवढ्याशा वस्तूचं येवढं भ्या कशापायी?"

"हा पडला तर माझी नोकरी गेली, अण्णा."

"मग नोकरीचं वजन सांग की. डब्याचं काय सांगतोस?"

गोणपाटावर त्यांनी आपल्या सगळ्या तऱ्हेच्या कड्या मांडल्या आणि एकेक उचलून बाद करू लागले. उघड्या तोंडाचा आकडा: "ओढलास तर धरंल, उचललास तर निसटंल. तू दिवसातनं शंभरदा उचलणार." वादीच्या भोकात आडवी घालायची दांडी: "ही चांगली, पण भोक सैल व्हतं. सैल झाल्यालं दिसत न्हाय, कळतं ते पडल्यावर." मग खटक्याचा हूक, दाबला की उघडणारा. तो त्यांनी गोणपाटावर नीट ठेवलाही नाही, टाकलाच. "ह्यात स्प्रिंग असतीया. स्प्रिंग म्हंजे रोजंदारीचा गडी. हाय तवर काम करंल, कवा निगून जाईल तुला सांगणार न्हाय."

चार दिवसांनी मला बोलावणं आलं. अण्णा खुशीत होते. त्यांना त्या चार दिवसांत एक गोष्ट सापडली होती आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. "बघ तम्मा, टांग्याचा घोडा घसरून पडला, तर तो वढ घेतोय, टांगा अंगावर येतोय, तवा वजनातच कडी सुटली पायजे. न्हायतर घोडा गेला. म्हणून माझ्या कड्या वजनात सुटणाऱ्या. तुझं उलटं हाय. वजन हाय तवर सुटता कामा नये. तू हातानं वर घेतलास, वजन गेलं, की बोटानं सुटली पायजे. तीस वर्सं कड्या केल्या, पर हे दोन येगळे हायत हे मला ठावंच न्हवतं."

त्यांनी केलं होतं ते असं. कॅमेऱ्याच्या दोन्ही कानांत पितळेची एकेक बारीक कडी आणि त्या कडीला जोडलेली, कुत्र्याच्या छत्रीसारख्या डोक्याची एकेक गुंडी. पट्ट्याच्या टोकांना पितळी पत्रा, त्यात वर गोल भोक आणि खाली निमुळती फट. गुंडी भोकातून घालायची, कॅमेरा सोडायचा. त्याच्याच वजनानं गुंडी फटीत उतरून बसायची. कितीही हिसडा मारा, सुटत नसे. पण तळहातानं कॅमेरा जरा वर उचलून अंगठ्यानं गुंडी ढकलली की पट्टा मोकळा. अर्थात आधी अण्णा त्या गुंडीला लोंबकळले. मग मला डोळे मिटायला लावून, डाव्या हातानं ती लावून-सोडून दाखवायला लावलं. चुकलो की म्हणत, "पुन्ना." त्या दिवशी मी तो शब्द किती वेळा ऐकला कोण जाणे.

तेव्हापासून मोकळा वेळ मिळाला की मी त्या पडवीत जाऊन बसू लागलो. गंगव्वा कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवायची आणि मी तीन घास खाल्ले की "हे काय, चिमणीवानी?" म्हणून चौथा वाढायची. अण्णांनी मला पितळ जोडायला शिकवलं. दोन पितळी तुकडे एकजीव करायला मधे जो धातू वितळवून घालतात त्याला डाख म्हणतात. आधी डाख नीट धरावा म्हणून सांध्यावर टाकणखार लावायचा, मग भात्यानं विस्तव फुलवायचा आणि डाख पाण्यासारखा पळून आत शिरेपर्यंत बघत बसायचं. "डाख वर बसून चालत न्हाय," अण्णा म्हणायचे, "आत गेला पायजे. वर बसल्याला डाख आन् वरवरचा पाव्हणा, दोगं बी कवा उठून जात्याल सांगता येत न्हाय."

त्यांची आणखी एक सवय होती. काहीही दुरुस्तीला आलं की ते आधी मोडलेलं तोंड बघत. भिंगाचा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधून, मोडलेली कडा उन्हात धरून फिरवत आणि मग टांगेवाल्याला सांगत, "ही आपली आपण मोडली न्हाय. तू दगडानं ठोकलीस." टांगेवाला खाली बघायचा. अण्णा म्हणायचे, "माणूस खोटं बोलंल. मोडल्यालं तोंड खोटं बोलत न्हाय."

दोन लग्नसराया अण्णांच्या गुंड्यांनी कॅमेरा धरला. मग मला त्या गुंड्यांची लाज वाटू लागली.

गावातल्या एका दुसऱ्या स्टुडिओचा फोटोग्राफर होता. बूट, गॉगल, नवा कॅमेरा. एकाच मांडवात आम्ही दोघं, तो मुलाकडचा आणि मी मुलीकडचा, असं कधी कधी व्हायचं. एकदा करवल्यांचा घोळका समोर उभा असताना त्यानं माझ्या पट्ट्याची पितळी पट्टी बोटानं उडवली. "काय राव, घोडं कुठं बांधून आलात?" पोरी हसल्या. एक म्हणाली, "दाणा-पाणी घातलंय का त्याला?" मी पण हसलो. हसलो, पण पुढच्याच आठवड्यात नव्या पेठेतल्या एका बॅगांच्या दुकानातून खटक्याचे दोन हूक आणले. निकेलचं पाणी दिलेले, चकचकीत, अंगठ्यानं दाबलं की टक्कन उघडणारे. अण्णांनी गोणपाटावर फेकला होता तोच प्रकार, फक्त चमकणारा. अण्णांच्या गुंड्या आणि पट्ट्या काढून मी खोलीवरच्या एका रिकाम्या डब्यात टाकल्या. अण्णांना सांगितलं नाही. नानासाहेबांचं लक्ष गेलं नाही.

महिन्याभरानं एका लग्नात, माळा घालून झाल्यावर, नवा रोल काढायला मी पिशवीवर वाकलो. कॅमेरा पुढं झुलला, खुर्चीच्या पाठीला डाव्या बाजूनं घासला आणि टक्कन आवाज झाला. पट्टा मानेवरून सरसर गेला. कॅमेरा शहाबादी फरशीवर पडला तो भिंगांवरच.

आता मी जे केलं ते नीट सांगतो. मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला जाऊन मी कॅमेऱ्याकडं बघितलं. वरचं भिंग तडकलं होतं, खालचं निखळून आत गेलं होतं. उघडलेला हूक काढला आणि गटारात टाकला. मग दुसऱ्या बाजूचा, धड असलेला हूकही काढला आणि तोही टाकला. घाबरून झालं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण घाबरलेला माणूस धड हूक काढत बसत नाही.

नानासाहेबांनी तडकलेल्या भिंगावरून रुमाल फिरवला.

"पट्टा सुटला?"

"कडी गेली."

"लिंगप्पाची?"

मला वाटतं, त्यांनी नाव घेतलं नसतं तर मी ते स्वतः होऊन घेतलं नसतं. पण याला काही अर्थ नाही. मी हो म्हणालो.

"ती मोडेलच कशी? तो तर तिला लोंबकळतो म्हणे."

"डाख सुटला," मी म्हणालो.

खोटं खरं वाटावं म्हणून लागणारा तो शब्द मला अण्णांनीच शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेब मला घेऊन महिबूबभाईंच्या टांग्यातून बाळीवेशीला गेले. ते रागीट नव्हते, भरपाई मागायलाही गेले नव्हते. पण झाल्या प्रकाराचं त्यांना फार लागलं होतं आणि ते कुणाला तरी सांगायला हवं होतं. पडवीसमोर चारपाच टांगेवाले साज घ्यायला थांबले होते. त्यांच्यादेखत नानासाहेब म्हणाले, "लिंगप्पा, तुमच्यावर भरवसा ठेवला आणि माझा कॅमेरा गेला हो."

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"मोडल्यालं तोंड कुटं हाय तम्मा?"

"दोन्ही गुंड्या गर्दीत हरवल्या, अण्णा."

"काय सुटलं?"

"डाख."

"गुंडीच्या बुडाचा?"

"हो."

आतून गंगव्वा दारात आली. तिच्या हाताला पीठ होतं. अण्णा गोणपाटावर बसले, हातातली आरी खाली ठेवली. मग म्हणाले, "डाख माझाच. दुसऱ्या कुणाचा असणार?"

ते उठले. भिंतीला एक साज तयार करून टांगलेला होता, तो घ्यायला आलेला टांगेवाला समोरच उभा होता. अण्णांनी साज खाली काढला, त्याच्या कड्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आज न्हेऊ नगंस. परवा ये."

"का अण्णा? चांगला तर हाय."

"तुझ्या टांग्यात शाळेची पोरं बसत्यात."

पुढचे चारसहा महिने लिंगप्पाण्णांनी काय केलं ते अख्ख्या सोलापूरच्या टांगेवाल्यांनी पाहिलं. आपल्या हातची प्रत्येक कडी त्यांनी काढून घेतली आणि नवीन करून लावली. स्टेशनजवळच्या टांग्याच्या अड्ड्यावर, एसटी स्टँडबाहेर, जिथं टांगे उभे तिथं ते एका फडक्यात अवजारं बांधून जायचे, घोड्याच्या पोटाखाली उकिडवे बसायचे आणि कडी सोडवून घ्यायचे. टांगेवाले म्हणत, "अवो ऱ्हाऊ द्या की, पाच वर्सं झाली, काय झालं न्हाय." अण्णा म्हणत, "त्या डब्यालाबी दोन वर्सं काय झालं न्हवतं." नवं काम त्यांनी घेणं बंद केलं. जुनं काम निस्तरण्यातच दिवस जाई.

एकदा मी सायकलवरून जाताना स्टेशनपाशी त्यांनी मला पाहिलं आणि हाक मारली. मी थांबलो. त्यांचे गुडघे घोड्याच्या लिदीनं भरले होते. ते हसले, खरंच हसले, आणि म्हणाले, "तम्मा, तुझं यंत्र पडलं ते बरं झालं बघ. पोरांचा टांगा पडला असता तर मी काय केलं असतं? तू उपकारच केलास."

मी सायकलवर बसलो आणि निघालो. अरुंद रस्त्यानं जाताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं. खोलीवर जाऊन मी तो डबा उघडला. गुंड्या दोन्ही जागच्या जागी होत्या, बुडाशी डाखाची बारीक पिवळी रेघ. नखानं खरवडून बघितली. धड होती.

त्या आठवड्यात सांगायचं ठरवलं. पुढच्या आठवड्यात ठरवलं. असं करत करत पावसाळा गेला. शेवटी एका दुपारी तो डबा शर्टाखाली धरून मी पडवीत गेलो. मी तोंड उघडायच्या आतच अण्णा म्हणाले, "बस. तुझीच वाट बघत होतो. चूक घावली."

"कसली चूक, अण्णा?"

"तुझ्या गुंडीची. हितं बघ." त्यांनी टाकणखाराची बरणी पुढं ओढली. "तुझं काम केलं तवा हिचं झाकण फुटलं होतं. खारानं ओल धरली असणार. ओल धरल्याला खार उडतो, सांधा उघडा पडतो, डाख वरच बसतो. आन् त्या दिवशी ही मैंदर्गीला गेली होती, भाकरी मीच थापत होतो. एक डोळा विस्तवावर, एक तव्यावर. माझं ध्यान न्हवतं, तम्मा."

"एका येळची भाकरी करायला लावली तर माझ्यावर ढकलतंय," गंगव्वा म्हणाली. पण तिच्या बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता.

"तुझ्यावर न्हाय ग. माझ्यावरच." अण्णांनी बरणीवर हात ठेवला. "सा म्हैनं डोस्क्यात भुंगा होता. कुटं चुकलो, कुटं चुकलो. आता घावलं. चूक घावली की माणसाला जरा बरं वाटतंय."

कधी न झालेल्या चुकीचा दिवस, वार, कारण सगळं त्यांनी शोधून काढलं होतं. इतकं बारकाईनं की क्षणभर मलाच वाटलं, असंच झालं असेल. माझ्या पोटाशी तो डबा होता. मी तो बाहेर काढला नाही. त्यांना आता बरं वाटतंय, कशाला पुन्हा ढवळायचं, असं मी मनाशी म्हणालो. पोटातली भीती आपल्याला दुसऱ्याच्या काळजीसारखी भासवता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

निघताना माझं लक्ष कडुनिंबाकडं गेलं. फांदीला नव्या कडीखाली दगडांनी भरलेलं पोतं लटकत होतं.

"हे काय, अण्णा?"

"आता धोंडे टांगतो. रातदिस ठेवतो. मग देतो."

"तुम्ही नाही लोंबकळत?"

"आता काय, वय झालं," ते म्हणाले.

गंगव्वा मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. ती कधी येत नसे. म्हणाली, "वय-बिय काय न्हाय रे. धजत न्हाय त्यो. हात लावतोय, कडी धरतोय, पाय उचलत न्हाय." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "येत जा. तू आलास की बोलतंय तरी."

मी जाणं कमी केलं.

नानासाहेबांचा कॅमेरा मुंबईहून दुरुस्त होऊन आला. मला कामावरून काढलं नाही. खटक्याचे हूक परत लावायची माझी छाती झाली नाही आणि अण्णांच्या गुंड्या लावणं शक्य नव्हतं. तीच जुनी बारीक बकलं नखांनी काढत मी फोटो काढत राहिलो. वऱ्हाडी पांगायचे, मी ओरडायचो. माझ्या ओरडण्याला लोक सरावले.

त्यानंतर वर्षभरानं माळशिरसकडं एका कारखान्याच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला मी आठवडाभर गेलो होतो. परत आलो तो एसटी स्टँडवर महिबूबभाई भेटले. सामान टांग्यात टाकून मी मागं बसलो. त्यांनी टांगा हाकला. मग घोड्याकडं बघतच म्हणाले, "अण्णा गया. तुमकू मालूम नै?"

मला माहीत नव्हतं. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आत गेले. चार दिवस झाले होते. अड्ड्यावरचे सगळे टांगे त्या दिवशी बंद होते, महिबूबभाईंनी सांगितलं. घोडे झाडाखाली बांधून सगळे मागून चालत गेले.

टांगा चालत राहिला. मी म्हणालो, "महिबूबभाई, ती कडी त्यांची नव्हती."

त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"मी बदलली होती. बाजारातला हूक लावला होता. तो उघडला. अण्णांच्या गुंड्या अजून माझ्याकडं आहेत. डाख सुटलेला नाही."

"मालूम है," महिबूबभाई म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? लिंगप्पा अण्णाचा डाख सुटतो व्हय कदी? आमी तीस वर्सं त्याच्या कडीला जीव टांगून फिरतो. समद्या अड्ड्याला ठावं होतं. त्या फोटोवाल्यानं कायतरी केलंय, आन् अण्णावर घातलंय. कुणालाबी खरं वाटलं न्हवतं. तुमच्या मालकालाबी दोन दिसांनी वाटंना झालं आसंल."

"मग त्यांना का नाही सांगितलं तुम्ही?"

आता ते वळले. रागानं नाही. मी काय विचारतोय हे त्यांना कळलं नसावं, असं त्यांचं तोंड झालं होतं.

"सांगितलं न्हाय व्हय? मी सोता सांगितलं. दहा जणांनी सांगितलं. म्हणलं अण्णा, नक्को काढू कड्या, पोरगं खोटं बोलतंय. त्याला येकदा चांगलं धरून विचार. तर माझ्यावरच चिडला. म्हणला, 'महिबूब, तम्मा खोटं कशाला बोलंल? कॅमेरा पडला तर नोकरी जाईल म्हणून त्याला किती भ्या होतं, मी बघितलंय. आन् डाख म्हंजे काय ते त्याला कळतंय. मीच शिकवलंय. त्यो म्हणतोय डाख सुटला, तर सुटलाच आसंल.'"

घोड्यानं मान हलवली. महिबूबभाईंनी लगाम जरा सैल केला.

सगळ्या सोलापुरात माझ्या खोट्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता. तो विश्वास खरा ठरवण्यासाठी त्यांनी आपला हात खोटा ठरवला, आणि मरेपर्यंत तसंच समजून चालले.

बाळीवेस आली. महिबूबभाईंनी टांगा उभा केला आणि उतरायला जागा करून दिली. मी गंगव्वाकडं जाणार असं त्यांनी धरलं होतं. पडवीचं दार उघडं होतं, आत दोनतीन बायका बसलेल्या दिसत होत्या. मी उतरलो नाही. "पुढं घ्या," म्हणालो. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि टांगा पुढं घेतला.

गंगव्वा नंतर मैंदर्गीला भावाकडं गेली. ती आहे की नाही, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.